तळाला राहिलेलं बिल

मी एक जुनी बिलांची तार आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. खाली लाकडाची गोल चकती, तिच्यातून वर निघालेली दीड वीत तार, आणि वर वाकवलेला आकडा. आकड्याचं टोक चांगलं अणकुचीदार. दुकानात खरेदीचं बिल आलं की ते माझ्या टोकात टोचायचं आणि खाली सरकवायचं, एवढंच माझं काम. आधी आलेलं बिल खाली, नंतर आलेलं वर. मग मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवायचं.

आपली कहाणी सांगताना थोडी फुशारकी मारायची पद्धत आहे. मीही मारीन, कारण एके काळी माझं कौतुक झालं होतं. पण खरं सांगायचं तर माझ्या हातून एक मोठा अपराध घडला, आणि तो कोणाला तरी सांगावा म्हणूनच मी बोलायला बसले आहे.

माझा जन्म १९६१ साली जबलपूरच्या घमापुरात झाला. गुलाबराव नावाच्या गृहस्थांचं तिथे स्टोव्ह आणि कंदिलांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. स्टोव्हची दुरुस्ती करणारे लहानू मिस्त्री दुकानाच्या पायरीवर बसत. त्यांनी सायकलचा एक तुटका स्पोक घेतला, कानशीने त्याला टोक काढलं, कंदिलाच्या काचांच्या देवदारी खोक्यातून चकती कापली, आणि मी तयार झाले. टोक जमलं की नाही ते त्यांनी स्वतःच्याच अंगठ्यावर पाहिलं. रक्ताचा थेंब आला तेव्हा ते खूश झाले.

"घ्या भाऊ," ते गुलाबरावांना म्हणाले, "आता नाही पळून जात तुमचे कागद."

कागद पळून जात होते हे अगदी खरं. गुलाबराव मूळचे आर्वीकडचे. राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा त्यांचं आर्वी एका राज्यात गेलं आणि दुकान दुसऱ्या राज्यात राहिलं. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी हिंदी, आणि सरकारी फॉर्म त्याहून अवघड हिंदीत. विक्रीकराचा कायदाही नवा आला होता. गुलाबराव मनाने चांगले, पण कागदाच्या बाबतीत अगदी अघळपघळ. घाऊक व्यापाऱ्याचं बिल ते सदऱ्याच्या खिशात कोंबत, आणि त्यांच्या पत्नी कुसुमबाई सदरा धुवायला काढत. मग वाळत घातलेल्या सदऱ्याच्या खिशातून बिलाचा लगदा निघे.

म्हणून त्यांनी हिशेबनीस ठेवला. त्यांचं नाव शालिग्राम. रोज दुपारी तीनला ते मदन महालाहून सायकलने येत, पायजम्याला लावलेली क्लिप काढून खिशात ठेवत आणि सगळ्यांत आधी माझ्याकडे बघत. दुकानात इतकी माणसं येत, पण माझ्याकडे बघणारा हा एकच माणूस होता.

बिल हातात आलं की शालिग्राम ते दोनदा वाचत. क्रमांक, तारीख, विकणाऱ्याचं नाव, रक्कम. मग टेबलावर हाताने सपाट करत आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे काहीच छापलेलं नसे, अगदी तिथेच मला टोचत.

"आकड्यांना भोक पडता कामा नये," ते म्हणत.

एकदा गुलाबराव कंटाळून म्हणाले, "काय जी शालिग्रामजी, स्टोव्हच्या दहा रुपयांच्या पिना आणल्या. त्याचंही बिल? काहून इतका जीव काढून राहिले तुम्ही?"

"भाऊ, या पिनांवर घाऊक व्यापाऱ्यानं एकदा कर भरला आहे," शालिग्राम म्हणाले. "तुम्ही त्या विकल्या तर तुमच्याकडून सरकार पुन्हा कर घेत नाही. पण कवा? बिल दाखवाल तवा. बिल नाही, तर तुम्हीच भरा."

"अन् वहीत लिहिलंय ते?"

"वही आपण लिहितो, भाऊ. बिल दुसरा लिहितो. सरकार दुसऱ्यावर विश्वास ठेवतं."

गुलाबरावांनी 'अच्छा' म्हणून मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा एक बिल खिशात कोंबलं. पण हळूहळू त्यांना सवय लागली. दिवाळीला दुकानाचं वर्ष संपे. शालिग्राम वर्षाचे सगळे कागद एकेक करून माझ्यावरून उतरवत, खालीवर पुठ्ठे ठेवून सुतळीने बांधत आणि गठ्ठा एका पत्र्याच्या पेटीत ठेवत. कराची तपासणी दोन-तीन वर्षांनी होई. तोवर तो गठ्ठा जपून ठेवायचा असा त्यांचा नियम होता. पेटीच्या दोन किल्ल्या होत्या, एक शालिग्रामांजवळ आणि एक घरात, देवाच्या कोनाड्यात.

एका वर्षी तपासणीचे साहेब स्वतः दुकानात आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, कागद चाळले आणि म्हणाले, "ऐसा काम तो बड़ी दुकानों में भी नहीं मिलता।" शालिग्राम खाली बघून हसले. गुलाबरावांनी साहेबांना चहा मागवला. मित्रांनो, त्या दिवसापासून मला गर्व झाला. हे सगळं कौतुक आपलंच आहे असं मला वाटू लागलं, आणि पेटीत जाणाऱ्या त्या गठ्ठ्यांचा थोडा रागही येऊ लागला. वर्षभर भार मी सोसायचा आणि मान मात्र पेटीने मिळवायचा!

आता ती गोष्ट सांगते.

१९६८ च्या दिवाळीआधी शालिग्रामांची आई वर्ध्याला आजारी पडली. ते पंधरा दिवसांची रजा घेऊन गेले. जाताना कुसुमबाईंनी त्यांना विचारलं, "शालिग्रामभाऊ, पेटी तर गच्च भरून राहिली. भिंतीला चुना लावायचा आहे. हे जुने कागद किती दिवस ठेवायचे?"

शालिग्रामांची गाडी सुटायची वेळ झाली होती. त्यांचं लक्ष आईकडे लागलं होतं. ते म्हणाले, "काही चिंता करू नका वहिनी. वहीत सगळं उतरलं आहे." आणि सायकलवर टांग टाकून गेले.

वहीत उतरलं म्हणजे कागदाचं काम झालं, असं कुसुमबाईंनी धरलं. त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांना कोणी कधी नीट समजावलंच नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला त्यांनी कागदांच्या वरची माझी तार चिंच लावून घासली. मी नव्यासारखी चमकू लागले. मग पेटीतले दोन वर्षांचे गठ्ठे आणि कागदांसकट मी, अशी आमची पाटावर पूजा झाली. कागद जरा वर सरकवून माझ्या चकतीवर त्यांनी ओल्या कुंकवाची पाच बोटं उमटवली. गुलाबराव घाईघाईने नमस्कार करून गिऱ्हाइकाकडे गेले. भाऊबीज झाल्यावर कुसुमबाई आवरायला बसल्या. पूजेचं कुंकू लागलेला कागद रद्दीत द्यायचा कसा? फुटाणेवाला त्याच्या पुड्या बांधणार, आणि लोक त्या पायाखाली तुडवणार. जबलपुरात अशा पवित्र वस्तूंना एकच जागा, ती म्हणजे नर्मदामैया. घरचं निर्माल्यही तिथेच जात असे.

त्यांनी माझ्यावरचे कागद एका हाताने धरून भराभर ओढून काढले. दोन्ही गठ्ठे घेतले. सगळं लाल कापडात बांधलं, आठ वर्षांच्या इंदूचा हात धरला आणि त्या रिक्षाने ग्वारीघाटाला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा अगदी शांत होता. इंदूच्या हातात प्रसादाचे चिरंजीदाणे होते.

आणि मी? मी त्या वेळी काय करत होते? मला हलकं वाटत होतं. घासूनपुसून लखलखीत झाले होते, अंगावर एका कागदाचा भार नव्हता, आणि पेटीचा मान गेला म्हणून मला आनंदसुद्धा झाला होता. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण लपवून उपयोग नाही.

अगदी एकही कागद उरला नव्हता असं मात्र नव्हतं. सगळ्यांत तळाचं बिल चकतीवरच्या ओल्या कुंकवाला चिकटून बसलं होतं. ओढताना त्याचं भोक फाटलं, कोपरा दुमडला, पण ते सुटलं नाही. शालिग्राम परत आले तेव्हा त्यांनी डोकं मुंडवलेलं होतं; आई गेली होती. माझ्यावर नव्या वर्षाची दोन-चार बिलं लागली होती आणि तळाचं बिल त्यांखाली झाकलं गेलं होतं. त्यांना वाटलं, वहिनींनी जुना गठ्ठा बांधून पेटीत ठेवला असेल. त्यांनी पेटी उघडून पाहिली नाही. एवढी एक चूक त्यांचीही झाली.

जानेवारीत विक्रीकराची नोटीस आली. दोन वर्षांपूर्वीच्या सालाची तपासणी होती. शालिग्रामांनी नेहमीप्रमाणे किल्ली लावली, पेटी उघडली, आणि तसेच उभे राहिले. पेटीत फक्त डांबराच्या दोन गोळ्या होत्या.

"भाऊ, कागद कोणी हलवले का?"

"पेटीला हात कोण लावतो तुमच्याशिवाय?" गुलाबराव म्हणाले. "किल्ली कोणाजवळ राहते?"

"एक माझ्याजवळ, एक घरात."

"घरातल्याले काय करायचे आहेत ते कागद? खायचे आहेत का?"

त्या काळी बाजारात एक वाईट चाल होती. काही मुनीम एका दुकानाची बिलं दुसऱ्या दुकानाला विकत, आणि ते दुकान त्यावर आपला कर वाचवी. हे गुलाबरावांच्या कानावर होतं. नोटिशीने त्यांची आधीच गाळण उडाली होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किती घेतले शालिग्रामजी? आईच्या औषधाले पैसे लागले असतील, तर मले मागायचे होते."

शालिग्रामांनी पेटीचं झाकण सावकाश लावलं.

मागच्या दारात कुसुमबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांची नजर भिंतीवर माझ्याकडे आली आणि चकतीपाशी थबकली. त्या बाजूने नव्या बिलांखालचा तो फाटका, दुमडलेला कोपरा कुंकवासकट दिसत होता. शालिग्रामांनी सात वर्षांत एक कागद असा ओरबाडून काढला नव्हता. हे त्यांच्या हातचं काम नाही हे बघणाऱ्याला लगेच कळलं असतं. कुसुमबाईंनी पाहिलं, मी पाहिलं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावून नजर फिरवली.

त्या वेळी मी खाली पडायला हवं होतं. मला बोलता येत नव्हतं, पण पडता तर आलं असतं. लहानू मिस्त्री पायरीवर स्टोव्ह ठोकत होते, भिंत हादरत होती. आकडा जरासा सैल सोडला असता तर मी खणकन फरशीवर आदळले असते, कोणीतरी उचलून घेतलं असतं, आणि ते बिल बोललं असतं. मी खिळा घट्ट धरून राहिले. निर्जीव वस्तूला कसला आलाय दोष, असं म्हणून मी बरीच वर्षं मनाची समजूत काढली. पण ती कधी पटली नाही.

शालिग्रामांनी किल्ली टेबलावर ठेवली. पायजम्याला क्लिप लावली. जाताना ते सवयीने माझ्याकडे बघायला वळले, पण अर्ध्यातूनच मान फिरवून निघून गेले.

पुढे व्हायचं ते झालं. गुलाबराव वही घेऊन कचेरीत गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "किताब तो ठीक है, बिल दिखाइए।" घाऊक व्यापारी तोवर वारले होते, मुलांनी धंदा वाटून घेतला होता, आणि त्यांच्याकडेही बिलांच्या स्थळप्रती सापडल्या नाहीत. एकदा भरलेला कर दुकानाला पुन्हा भरावा लागला, वर दंड. सगळे मिळून दोन हजार तीनशे रुपये. कुसुमबाईंनी आपल्या पाटल्या काढून नवऱ्यापुढे ठेवल्या. गुलाबरावांना वाटलं, केवढी ही साध्वी बायको! त्या मात्र पाटल्या देऊन मोकळं व्हायला बघत होत्या, आणि ते जमलं नाही. दंड भरला गेला, पण शालिग्रामांवरचा आळ तसाच राहिला.

घमापुरातच नव्हे, अख्ख्या जबलपुरात शालिग्रामांना कोणी वही लिहायला दिली नाही. शेवटी मझौलीच्या बाजारात एका धान्यवाल्याने त्यांना ठेवून घेतलं. गुलाबरावांनी रागाने माझ्यावरची बिलं उपटून काढली, फाईलला लावली आणि मला निकामी बर्नरच्या डब्यात फेकलं. मी चौदा वर्षं त्या काळोखात, रॉकेलच्या वासात पडून होते. तळाचं बिल अजून चकतीला चिकटलेलंच होतं.

१९८३ साली इंदूने तो डबा भंगारात द्यायला काढला. ती आता बी.कॉम. होऊन दुकानाचे कागद बघत होती. स्टोव्हच्या जागी गॅसच्या शेगड्या आल्या होत्या. तिने मला उचललं, चकतीवर नख लावलं आणि बिल अलगद सोडवलं. तारीख वाचली. मग त्यामागची कुंकवाची पाच बोटं पाहिली.

"आई," ती आत जाऊन म्हणाली, "मी लहान होते ना, तवा आपण ग्वारीघाटावर एक लाल गाठोडं सोडलं होतं. त्यात हेच कागद होते का?"

कुसुमबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बिलाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. गुलाबराव खाटेवर बसून ऐकत होते.

"इतकी वर्षं काहून नाही बोलली तू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आधी तुमची भीती वाटे," कुसुमबाई म्हणाल्या. "मग माझीच वाटायला लागली."

गुलाबरावांनी खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "चलो. इंदू, मझौलीची बस किती वाजता आहे ते पाहून ये."

इंदूने ते बिल पुन्हा माझ्यात ओवलं आणि मला पिशवीत घातलं.

शालिग्राम एका खोलीत राहत होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली वह्यांची चळत. केस पिकले होते. त्यांची मुलगी बेबी माहेरपणाला आली होती. तिने सगळ्यांना पाणी दिलं. इंदूने मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, बिल वाचलं, सवयीने पुन्हा वाचलं. क्रमांक, तारीख, नाव, रक्कम.

"हे त्या सालचं पहिलं बिल," ते म्हणाले. "बाकीचे कागद कुठे आहेत?"

"नर्मदेत," कुसुमबाई म्हणाल्या. "मी सोडले, शालिग्रामभाऊ. अन् मी गप्प राहिले."

गुलाबराव उठून त्यांच्या पायांकडे वाकू लागले. शालिग्रामांनी त्यांचे खांदे धरून त्यांना थांबवलं.

"भाऊ, राग नाही आता," ते म्हणाले. "पण एक गोष्ट सांगतो. ही बेबी तवा दहा वर्षांची होती. शाळेतून आली अन् मले विचारलं, बाबा, तुम्ही खरंच बिलं विकली का? मी नाही म्हणालो. पण लोकांना दाखवायला माझ्याजवळ एक कागद नव्हता. सारी जिंदगी मी दुसऱ्यांचे कागद सांभाळले जी."

बेबी दाराशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली.

"काय करू सांगा," गुलाबराव म्हणाले.

"लिहून द्या."

गुलाबरावांनी इंदूकडून आपल्या दुकानाचं कोरं बिल मागून घेतलं आणि लिहिलं: 'सन १९६८ च्या दिवाळीत आमचे खरेदीचे सर्व कागद आमच्याच घरातून नर्मदेत सोडले गेले. शालिग्राम यांनी एकही कागद नेला नाही. मी त्यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता.' खाली सही केली. कुसुमबाईंनी पेन मागितलं. त्यांना लिहायची फारशी सवय नव्हती. वेळ लावून त्यांनी खाली एक ओळ लिहिली: 'आणि हे मला ठाऊक होतं.'

शालिग्रामांनी कागद बेबीला दिला. "वाच. मोठ्यानं वाच." तिने वाचला. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

मग शालिग्रामांनी जुनं बिल माझ्यावरून उतरवून इंदूला दिलं, नव्या कागदावर तारीख घातली, कोपऱ्यात 'क्रमांक १' लिहिलं, हाताने सपाट केला आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथे मला टोचलं. "तार राहू द्या इथे," ते इंदूला म्हणाले.

मित्रांनो, बिल लहान असो की मोठं, ते मागून घ्या, वाचा आणि जपून ठेवा. वर्ष संपलं म्हणजे कागदाचं काम संपलं असं समजू नका. सरकारला ते दाखवावं लागतं, आणि खऱ्या माणसावर कोणी बोट दाखवलं तर आपला खरेपणा पटवायला त्यालाही तेच लागतं. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर तेव्हाच सांगा. तुम्ही माझ्यासारखे खिळ्याला बांधलेले नाही.

चौदा वर्षं मी एक कागद दडवून बसले होते. आता माझ्या अंगावर हा एकच कागद आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही तो वाचता यावा म्हणून बेबीने माझा खिळा दारासमोरच ठोकला आहे.